पाऊस आणि खाडीतले मासे: तुमच्याकडे काय दिसतं?

उधाणभरती | १४ सप्टेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

दाभोळ खाडीच्या काठावर आमचं घर आहे. वडील पाग (हाताने फेकायचं जाळं) घेऊन खाडीत उतरायचे. नोकरीमुळे मी पुण्यात असतो, पण घरी गेलो की मीही उतरतो. गेली अकरा वर्षं एक वही ठेवली आहे. पाऊस कधी लागला, खाडीचं पाणी कधी लाल झालं, पुन्हा कधी निवळलं, पागात काय आलं, एवढंच तिच्यात लिहितो. मी नसलो की भाऊ फोनवर सांगतो आणि मी टिपून घेतो.

लहानपणापासून ऐकत आलो की पाऊस चांगला झाला की खाडीत मासा चांगला होतो. वही उघडली की हे जुळत नाही. धो धो पावसाच्या एका वर्षी बोय भरपूर होती, पण काळुंदर दिवाळीपर्यंत दिसलंच नाही. दुसऱ्या एका वर्षी पाऊस बेताचाच होता, पण तो थांबून थांबून पडला, आणि त्या वर्षी कोळंबी इतकी आली की शेजारीपाजारी वाटून संपेना.

यंदाचं तर सगळंच वेगळं. मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. आमच्याकडे मे संपायच्या आत ओढे वाहायला लागले. मिरगाला लागणारी चढण मेमध्येच लागली, पोटात गाबोळी असलेले मासे शेतांत चढले आणि लोक रात्री बॅटऱ्या घेऊन धावले. पुढे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पावसाने दडी मारली. आमच्या खालच्या मळ्यात डबकी आटत गेली आणि त्यांत बोटभर पिल्लं तडफडत होती. भावाने आणि त्याच्या मुलीने बादल्या भरभरून ती ओढ्यात नेऊन सोडली. तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न आहे. पाऊस किती पडला हे महत्त्वाचं, की कधी आणि कसा पडला हे?

खाडीकाठच्या, नदीकाठच्या आणि या विषयात शिकलेल्या सगळ्यांनी लिहावं. कोकणाबाहेरचे अनुभवही चालतील.

---

नदीखुळा | १४ सप्टेंबर, रात्री १०:२५

चांगला धागा. एक गोष्ट आधीच वेगळी करून ठेवू या. जाळ्यात मासे जास्त येणं आणि खाडीत मासे जास्त असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर आला की वरचे मासे खाली ढकलले जातात आणि सगळे एका जागी गोळा होतात. त्या दिवशी पाटी भरते, पण त्याने खाडीत एकही मासा वाढलेला नसतो. पावसाने खरोखर जे मासे वाढतात, ते दिसायला एक-दोन वर्षं जावी लागतात. तुमच्या वहीत या दोन्ही नोंदी एकाच रकान्यात असतील, तर त्या आधी सुट्या करा.

---

कांडाळीवाला | १५ सप्टेंबर, सकाळी ६:५०

मी गुहागर बाजूचा. आमचा धंदाच खाडीतला, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

पहिलं लाल पाणी उतरतं तेव्हा पहिले दोन-तीन दिवस खाडी वेगळीच असते. वर गोडं पाणी, त्याला पालापाचोळा आणि फेस. आणि खाली? खाली खारंच असतं. हात बुडवून कळत नाही. डोहात गळ सोडला आणि तळाला मासा लागला की समजायचं, खाली अजून खारं आहे. मुडदुशे, गुंजी, लहान शिंगाळे पहिल्यांदा मुखाकडे पळतात. बोय हलत नाही, ती लाल पाण्यातही काठाला चरते. तांबोशी खडकाच्या कपारीत थांबते, पाणी फारच गोडं झालं तर तीही निघते. चिंबोऱ्यांच्या माद्या खाली समुद्राकडे चालायला लागतात. त्या वेळी ओहोटीला जाळं लावलं की मिळतं भरपूर, पण माझे वडील त्या माद्या परत टाकायचे. आता कोण टाकतं?

नदीखुळा यांचं म्हणणं पटलं. त्या दोन-तीन दिवसांत आम्हाला भरपूर मिळतं, आणि मग गणपतीपर्यंत खाडी रिकामी.

---

मत्स्यकन्या_रत्नागिरी | १५ सप्टेंबर, दुपारी १:१५

मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले. आता कोळंबीच्या तलावांवर काम करते. थोडं लांब लिहिते.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. माशाच्या रक्तात त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. त्यामुळे समुद्रात माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. तो ते पाणी पिऊन भरून काढतो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात सगळं उलटं होतं. पाणी अंगात शिरतं, मीठ निसटतं. मग मूत्रपिंड भरपूर पातळ लघवी करतं आणि तेच कल्ले मीठ आत ओढायला लागतात. बोय, जिताडा, काळुंदर, तांबोशी यांना ही यंत्रणा फिरवता येते. बऱ्याच समुद्री माशांना ती येत नाही. फिरवता येणाऱ्यांनाही वेळ लागतो, कधी काही तास तर कधी काही दिवस. म्हणून तेवढाच पाऊस आठवडाभर हळूहळू उतरला तर मासा सावरतो, आणि एका रात्रीत उतरला तर त्याला पळावं लागतं. उधाणभरतींच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे असं मला वाटतं.

उरलेलं निम्मं प्रत्येक जातीच्या विणीच्या वेळेत आहे, आणि इथे सगळ्या माशांना एका माळेत ओवता येत नाही.

समुद्री कोळंबी अंडी घालते समुद्रात. तिची केसाएवढी पिल्लं भरतीबरोबर खाडीत येतात, खारफुटीच्या चिखलात काही महिने वाढतात आणि मग समुद्रात परततात. जोराचा पाऊस या वाढत्या कोळंबीला बाहेर ढकलतो. ती पुरेशी मोठी झालेली असेल तर ढकलणं तिच्या पथ्यावर पडतं, समुद्रात तिची पुढची वाढ होते. ती अजून नखाएवढीच असेल तर मात्र नुकसान.

काळुंदराचं वेगळंच. ते खाडीतच वीण करतं. दगडाला, काठीला, बुडालेल्या फांदीला अंडी चिकटवतं आणि नर-मादी दोघं राखण बसतात. त्याला निवळ पाणी लागतं. गढूळ पाण्याने अंड्यांवर गाळ बसतो. म्हणून ते पावसाच्या आधी आणि पावसानंतर वीण करतं. ज्या वर्षी पाऊस मेमध्ये येऊन ऑक्टोबरपर्यंत लांबतो, त्या वर्षी त्याच्या वाट्याला निवळ पाण्याचे दिवसच कमी येतात. तुमच्या वहीतलं ते वर्ष तपासा. पाऊस परतायला उशीर झाला होता का?

आणि अन्नाचं म्हणाल तर, पुराबरोबर येणारा गाळ आणि खतं यांनी सूक्ष्म वनस्पती फोफावतात हे खरं, पण लगेच नाही. लाल पाण्यात ऊन खाली पोचत नाही. पावसाने उघडीप दिली, पाणी निवळलं, दोन-चार दिवस ऊन पडलं की खाडी हिरवट होते आणि तेव्हा पिल्लांना खायला मिळतं. श्रावणातला ऊनपावसाचा खेळ खाडीला फार मानवतो तो यामुळे.

---

खारेपाटकर | १५ सप्टेंबर, रात्री ८:०५

पेण-अलिबागच्या खारेपाटातून. आमच्याकडे घरामागे तळं आणि तळ्यात जिताडा, हे पिढ्यान् पिढ्यांचं. पाऊस लागला की उधाणाच्या भरतीला खाडीतून जिताड्याची बोटुकली उघाडीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) आणि बांधाच्या फटींतून भातखाचरांत शिरायची. आम्ही पोरं ओंजळीने, पंच्याने ती धरून तळ्यात सोडायचो. ताई आल्या आहेत म्हणून विचारतो, आता ती बोटुकली का मिळत नाही? पाऊस तर आहे तेवढाच आहे. आम्ही हल्ली विकतचं बियाणं आणतो.

---

मत्स्यकन्या_रत्नागिरी | १५ सप्टेंबर, रात्री ९:३०

दादा, जिताड्याची वीण खाडीच्या मुखाशी, चांगल्या खाऱ्या पाण्यात होते. गोड्या पाण्यात अंडी जगत नाहीत. वीण होते पावसाळ्याच्या तोंडावर, कारण पिल्लांना पुढे लागतं ते पाणथळ मचूळ पाणी, म्हणजे तुमची खाचरं, खाजणं (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनी), खारफुटीतली डबकी. तिथे मोठे मासे त्यांना खायला पोचत नाहीत आणि किडे-कोळंबी मुबलक. म्हणजे जिताड्याला तीन गोष्टी लागोपाठ मिळायला हव्यात. मुखाशी खारं पाणी, मग उधाणाची भरती, आणि त्या भरतीच्या वेळी उघडी असलेली वाट. पाऊस त्यांतली एकच गोष्ट पुरवतो. उघाडीला पक्का सिमेंटचा दरवाजा बसला, खाचर भरावाखाली गेलं, की पाऊस पडूनही पिल्लू कुठे जाणार?

अजून एक. जिताडा आधी काही वर्षं नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. त्यामुळे सगळ्यांत मोठे मासे धरले की अंडी घालणाऱ्या माद्याच संपतात.

---

ब्रिस्बेनकर | १६ सप्टेंबर, पहाटे ४:१०

मूळचा मुरूडचा, बारा वर्षं क्वीन्सलंडमध्ये. इथे ज्याला बारामुंडी म्हणतात तो हुबेहूब आपला जिताडाच, जातही तीच. इथल्या लोकांनी तुमच्या प्रश्नावर बरंच काम केलं आहे म्हणून लिहितो.

ब्रिस्बेनच्या उत्तरेला रॉकहॅम्प्टनजवळ फिट्झरॉय नदी समुद्राला मिळते. माशाच्या कानात बारीक खडा असतो. झाडाच्या खोडात दिसावीत तशी त्याच्यावर वर्षाची वलयं असतात. संशोधकांनी बाजारातल्या बारामुंडीचे खडे कापून प्रत्येक मासा कोणत्या वर्षी जन्मला ते काढलं आणि ती वर्षं नदीच्या प्रवाहाच्या नोंदींशी ताडून पाहिली. ज्या वर्षी वसंत-उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या पावसाळ्यात, नदीला भरपूर गोडं पाणी आलं, त्या वर्षी जन्मलेले मासे पुढे जास्त संख्येने सापडले. भरपूर प्रवाहाच्या काळात माशांची वाढही जास्त वेगाने झालेली दिसली. उत्तरेकडच्या कार्पेंटारिया आखातात तर पावसाळ्यातल्या पावसावरून त्या मोसमातल्या बनाना कोळंबीचा अंदाज बांधता येतो, असं १९८० च्या दशकातच दाखवलं गेलं होतं.

म्हणजे 'चांगला पाऊस, चांगला मासा' हे इथे तरी मोजून खरं ठरलेलं आहे. उधाणभरती, तुमच्या वहीत ते का दिसत नाही, याचं मला कुतूहल आहे.

---

उधाणभरती | १६ सप्टेंबर, सकाळी ८:४५

ब्रिस्बेनकर, कानातल्या खड्याचं वाचून थक्क झालो. बोयीचं डोकं आता तसंच टाकून देववणार नाही.

रात्री बराच विचार केला. मला वाटतं फरक इथे आहे. फिट्झरॉयच्या खोऱ्यात एखाद्या वर्षी पूर, तर एखाद्या वर्षी नदी नावापुरती. पाऊस येतो की नाही हाच तिथला प्रश्न, म्हणून आला की लगेच फरक दिसतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सह्याद्रीपासून समुद्र हाकेच्या अंतरावर. आमची खाडी दरवर्षी गोडी होतेच. कमी पावसाच्या वर्षीही होते. म्हणून 'किती' याने आमच्याकडे फारसं बदलत नाही. बदलतं ते कधी सुरू झाला, मध्ये उघडीप किती मिळाली, आणि कधी परतला याने.

मत्स्यकन्या ताईंनी सांगितलेलं वर्ष तपासलं. काळुंदर नव्हतं ते २०१९. त्या वर्षी पाऊस ऑक्टोबरअखेरपर्यंत होता, शेवटी क्यार वादळाचाही आला. वहीत लिहिलंय, 'दिवाळी आली, पाणी अजून लाल.' एका वर्षावरून सिद्ध काही होत नाही, पण अंगावर काटा आला हे खरं.

आता आमच्या खाडीची एक अडचण सांगतो, जी बहुतेक खाड्यांना नाही. कोयनेचं पाणी. धरण सह्याद्रीच्या पलीकडे, पण वीज करून झालेलं पाणी पोफळी-अलोऱ्याकडून वाशिष्ठीत येतं आणि वाशिष्ठी म्हणजेच पुढे दाभोळची खाडी. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मुभा दिलेली आहे. तेवढं सगळं वापरलं तर वर्षभराची सरासरी सेकंदाला साठ हजार लिटर येते, हा हिशेब मी स्वतः करून बघितला. बाकीच्या बहुतेक खाड्या एप्रिल-मेमध्ये खूप आतपर्यंत खारट होतात. आमच्याकडे त्या दिवसांतही वरून गोडं पाणी येत राहतं, आणि तेही विजेच्या मागणीप्रमाणे कमीजास्त. म्हणजे १९६० च्या दशकापासून आमच्या खाडीला दोन पाऊस आहेत, एक आभाळातला आणि एक बोगद्यातला. माझ्या वहीत फक्त पहिलाच आहे.

---

कांडाळीवाला | १६ सप्टेंबर, सकाळी ११:२०

तुमचं सगळं वाचतोय आणि मान्यही करतोय, पण मनातलं बोलतो. पावसावर सगळं ढकलू नका. पाऊस माझ्या आजोबांच्या वेळीही मागेपुढे होत होता, तरी खाडी भरलेली असायची. आता बारीक आसाची डोल (प्रवाहात लावायचं पिशवीसारखं जाळं) लावतात, नखाएवढी कोळंबी आणि बोटाएवढे जिताडे त्यात येतात आणि सुकटीच्या ढिगात जातात. रात्री पंपाने रेती उपसतात, तळ खरवडला जातो, डोह उरत नाहीत. मी वर लिहिलं ना, पुरात मासा डोहात खाऱ्या पाण्यात थांबतो? डोहच नसेल तर थांबणार कुठे?

आणि पहिल्या पावसाचं अजून एक. आमच्या वरच्या अंगाला कारखाने आहेत. पहिला पूर आला की कुणीतरी साठवलेलं पाणी सोडून देतं आणि मेलेले मासे काठाला लागतात. विचारायला गेलं की उत्तर मिळतं, पहिल्या पावसाने मरतातच मासे. एका वर्षी आम्ही तीन होड्या मेलेला मासा उचलला आहे. कसला वास होता तो अजून नाकात आहे.

---

मत्स्यकन्या_रत्नागिरी | १६ सप्टेंबर, दुपारी २:००

दादा, तुमचा राग रास्त आहे. पहिल्या पाण्याला नैसर्गिकरीत्याही मासे मरू शकतात. सुकलेला पाला, शेण, चिखल एकदम वाहून येतो, तो कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे पृष्ठभागावर तोंड उघडून श्वास घेताना दिसतात. पण असं मरण बहुधा आतल्या अरुंद, साचलेल्या पाण्यात होतं. भर प्रवाहात, भरती-ओहोटी चालू असताना, सगळ्या जातींचे मासे एकदम मेले तर निव्वळ पावसावर बोट ठेवता येणार नाही. अशा वेळी पाणी लगेच, त्याच तासाला स्वच्छ बाटलीत भरून बर्फात ठेवा. वेळ आणि जागा लिहा, फोटो काढा. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात काही सापडत नाही, पाणी पुढे गेलेलं असतं.

आणि डोहाचा मुद्दा फार मोलाचा आहे. तो मला पुस्तकात असा कुणी सांगितला नव्हता.

---

मांडवीतीर | १६ सप्टेंबर, रात्री ७:३५

गोव्यातून. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था असल्यामुळे मांडवी आणि झुआरी या देशातल्या सगळ्यांत जास्त मोजलेल्या खाड्यांपैकी आहेत. तिथल्या संशोधकांनी अशा खाड्यांसाठी 'मान्सूनी खाडी' असा वेगळा प्रकारच मांडला. थंड देशांतल्या खाड्यांत नदीचं पाणी आणि समुद्राचं पाणी यांचा एक तोल ठरून जातो. आमच्याकडे तो कधीच ठरत नाही. पावसात नदी सगळं मीठ बाहेर ढकलते. पाऊस गेला की समुद्र पुढचे सात-आठ महिने मीठ हळूहळू आत आणत राहतो, आणि मेमध्ये तो खूप आत पोचलेला असतो, तेवढ्यात पुन्हा पाऊस. खाडी सतत एकीकडून दुसरीकडे चाललेली असते. उधाणभरतींचा 'कधी' हा शब्द मला म्हणूनच पटला. पाऊस महिनाभर लवकर आला, तर मीठ आत यायचा तेवढा काळच कापला जातो.

खाजनातलं सांगतो. आमच्याकडे बांधाला मानस असते, लाकडी दाराची. भरतीच्या दाबाने दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. पावसाच्या पाण्याने शेतातलं मीठ धुऊन जातं आणि मग खाऱ्या जमिनीला सोसणारं कोरगूट भात लावतात. त्याच पाण्यात सुंगटं (कोळंबी) आणि चोणकाची, म्हणजे तुमच्या जिताड्याची, पोरं वाढतात. एकाच पावसावर भात आणि मासा. आता बरीच खाजनं पडीक आहेत, मानशी मोडल्या आहेत.

एक सावधगिरी मात्र हवी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आमच्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळचं पाणी प्राणवायू फार कमी असलेलं असतं. वाऱ्यांमुळे ते खोल समुद्रातून वर येतं. त्या काळात तळचे मासे किनाऱ्याकडे सरकू शकतात. खाडीच्या तोंडाशी अचानक मासा वाढला तर कारण पाऊस नसून समुद्रही असू शकतो.

---

बडोदेकर | १७ सप्टेंबर, सकाळी १०:१०

नर्मदेचं उदाहरण द्यावंसं वाटलं. भरूचला पावसाळ्यात समुद्रातून हिलसा नदीत चढायची. नदीला पूर आला, गोडं पाणी समुद्रात दूरवर पोचलं की ती त्या पाण्याच्या दिशेने येऊन अंडी घालायची, आणि सगळे मच्छीमार त्या चार महिन्यांवर वर्ष काढायचे. सरदार सरोवराचे दरवाजे २०१७ मध्ये बंद झाल्यावर पाऊस वर कितीही पडला तरी खाली किती यायचं ते धरण ठरवतं. उन्हाळ्यात समुद्राचं पाणी भरूचपर्यंत येऊ लागलं, लोकांच्या विहिरी आणि शेतं खारावली. हिलसा कमी झाली ती पाऊस कमी झाला म्हणून नव्हे.

तुमच्या खाडीत गोडं पाणी जास्तीचं येतं, आमच्याकडे येईनासं झालं. दोन्हीकडे आभाळ आणि खाडी यांच्या मध्ये कुणीतरी नळ बसवला आहे.

---

शिंपलीताई | १७ सप्टेंबर, रात्री ९:०५

सगळे माशांचं बोलताय, आमच्या मुळ्या-तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) कोणी विचारत नाही म्हणून लिहिते. मी रत्नागिरीजवळची. आई, आजी, मी, सगळ्या ओहोटीला मुळे काढायला जात आलो.

मासा पळू शकतो, शिंपला पळू शकत नाही. पाणी गोडं झालं की तो तोंड घट्ट मिटून वाळूत बसून राहतो. भरतीला थोडं जरी खारं पाणी आलं तरी तेवढ्या वेळात उघडतो आणि तग धरतो. पण सलग दिवस-दिवस निव्वळ गोडं पाणीच राहिलं तर मरतो. आम्ही पावसानंतर पहिल्यांदा उतरतो तेव्हा पायाला रिकाम्या जोड शिंपा किती लागतात त्यावरून ओळखतो वर्ष कसं जाणार. जोड शिंपा म्हणजे जागेवर मेलेला. सुटी शिंप म्हणजे जुनी, वाहून आलेली.

पाण्याइतकाच वाईट गाळ. वरती डोंगर फोडला, रस्ता काढला, की पहिल्या पावसात सगळी लाल माती आमच्या वाळूवर येऊन बसते. वीतभर चिखलाखाली शिंपला गुदमरतो. पूर्वीही लाल पाणी यायचंच, पण पाऊस संपला की पाय टाकल्यावर खाली वाळू लागायची. आता घोट्याएवढा चिखल लागतो. आमच्या जुन्या तीन जागांपैकी एकच राहिली आहे. बायका आता भांडतात त्या जागेसाठी, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण आधी गाणी म्हणत काढायचो आम्ही.

---

नदीखुळा | १७ सप्टेंबर, रात्री ९:५०

ताई, जोड शिंप आणि सुटी शिंप यांवरून मरण ओळखायचं, हे मी आजवर ऐकलं नव्हतं. हे नोंदवलं गेलं पाहिजे.

---

उधाणभरती | १८ सप्टेंबर, रात्री १०:३०

मंडळी, चार दिवसांत वही नव्याने आखली आहे. आधी 'पाऊस' असा एकच रकाना होता. आता त्याचे तुकडे केले: पहिलं लाल पाणी कधी, सलग लाल पाण्याचे दिवस किती, मधल्या उघडिपीचे दिवस किती, पाणी शेवटचं कधी निवळलं. पागात मिळालेला मासा वेगळा आणि बोटभर पिल्लं वेगळी. बोगद्यातल्या पाण्याच्या नोंदी कुठून मिळतील ते शोधतो आहे, कुणाला माहीत असेल तर सांगा.

खारटपणा मोजायचं लहान यंत्र कोळंबीच्या तलावांवर वापरतात ना, एक थेंब टाकून डोळ्याला लावायचं? ते मागवलं. कांडाळीवाला दादा, तुमच्या डोहाचं पाणी तळातून काढून बघू या. बाटलीला दगड बांधून बूच दोरीने ओढायचं, खाली गेल्यावर. वरचं आणि तळचं दोन्ही एकाच वेळी. अमावास्येच्या उधाणाला एकदा आणि अष्टमीच्या भांगाला (सगळ्यांत कमी भरतीला) एकदा. मी घटस्थापनेला येतोय, तेव्हा अमावास्या नुकतीच झालेली असेल, उधाण तेवढं मिळेल. भांगाचं तुम्ही कराल का?

माझी पुतणी, जिने मळ्यातली पिल्लं बादलीने सोडली, ती आठवीत आहे. आटलेल्या डबक्यांची वही तिने वेगळी सुरू केली आहे आणि मला ती हात लावू देत नाही.

---

कांडाळीवाला | १९ सप्टेंबर, सकाळी ६:१५

करतो. एकच डोह उरलाय, पण आहे. होडी माझी, डिझेल नको विचारू. ओहोटी लागायच्या अर्धा तास आधी या, नंतर ओढ फार असते, दगड सरळ खाली जात नाही.

---

शिंपलीताई | १९ सप्टेंबर, दुपारी ३:४०

यंत्र आलं की किंमत आणि कुठे मिळालं ते लिहा. आम्ही सात जणी मिळून एक घेऊ. आज सुकतीला (ओहोटीला) उतरले होते, हाताला लागलेल्या वीस शिंपांत चार जोड निघाल्या. हा यंदाचा पहिला आकडा, तुमच्या वहीत लिहा.